भातपिकावरील किडी : ओळख, नुकसान आणि बंदोबस्त

मृगाचा पाऊस आणि शाळेचे उघडणे ह्या दोन गोष्टी आपल्या भागात बहुधा बरोबरच घडतात. राबात भाताची रोपे वर येत असतात, त्याच सुमारास पहिलीच्या वर्गात नवी मुले येऊन बसतात. आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे भात कापून खळ्यावर पडते. भाताचे सारे आयुष्य अशा रीतीने शाळेच्या पहिल्या सत्रात सामावलेले आहे. ह्या काळात भातावर कोणकोणत्या किडी पडतात, त्या कशा ओळखाव्यात व त्यांचा बंदोबस्त कसा करावा, ही माहिती शिक्षक बंधुभगिनींच्या हाती असावी, ह्या हेतूने हा लेख लिहिला आहे.

कीड म्हटली की औषध, आणि औषध म्हणजे विष, असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. वास्तविक किडीचा बंदोबस्त तिच्या ओळखीपासून सुरू होतो. कीड कोणती, ती कोठे लपते, केव्हा अंडी घालते आणि तिला खाणारा कोण, हे ज्याला ठाऊक आहे त्याला विषाची गरज क्वचितच लागते. ज्याला ते ठाऊक नाही, तो विषही चुकीच्या वेळी व चुकीच्या जागी वापरतो. ओळख करून देणे हे तर शिक्षकाचेच काम होय.

१. आपला भाग आणि भात

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे उच्चारताच आज उंच इमारती व आगगाडीची स्थानके डोळ्यांपुढे येतात. परंतु १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला, तेव्हा ही साष्टीतील गावे होती, आणि भातखाचरे, वाड्या व मिठागरे हेच त्यांचे वैभव होते. १९५० साली व पुन्हा १९५७ साली मुंबईच्या हद्दी वाढल्या आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश महानगरपालिकेत आला. १९९० साली उपनगरचा जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला. दरम्यान बहुतेक खाचरांवर वस्ती उभी राहिली. तरीही गोराई-मनोरीच्या बाजूस आणि आरेच्या आदिवासी पाड्यांतून पावसाळ्यात भाताचे हिरवे तुकडे अद्याप दिसतात. खाडीच्या पलीकडे वसई, भिवंडी, पनवेल, कर्जत येथे तर भात हेच मुख्य पीक आहे. पाऊस, हवा व पीक सारखेच असल्यामुळे ह्या सर्व पट्ट्यातील किडीही जवळजवळ एकच आहेत.

खाडीकाठच्या खारजमिनीत काळा राता व भुरा राता ह्यांसारखे खारेपणा सोसणारे जुने वाण पूर्वापार लावले जात. भाताच्या संशोधनासाठी कर्जत येथे १९१९ सालापासून केंद्र चालू आहे. १९७२ साली दापोली येथे कोकणासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि कर्जतचे केंद्र त्याच्याकडे आले. पनवेल येथे खारजमिनीसाठी निराळे संशोधन चालते. ह्या ठिकाणांहून निघणाऱ्या शिफारशी गावचे कृषी सहायक सांगू शकतात. शिक्षकाने त्यांच्याशी परिचय ठेवावा, हे उत्तम.

२. मोठी धाड आणि रोजची चोरी

किडींमध्ये दोन प्रकार कल्पावेत. एक धाड घालणारी व दुसरी रोज थोडीथोडी चोरी करणारी. धाड घालणाऱ्यांत टोळ प्रसिद्ध आहे. टोळाच्या एका जातीला तर शास्त्रज्ञांनी मुंबईचेच नाव दिले आहे. हा ‘मुंबई टोळ’ पावसाच्या आरंभी जमिनीत अंडी घालतो, त्याची पिले पावसाळ्यात गवतावर वाढतात आणि पंख फुटलेले टोळ थंडीचे दिवस सह्याद्रीच्या रानात काढतात. १९०१ ते १९०८ ह्या काळात त्याच्या टोळधाडींनी पश्चिम भारतात मोठा उपद्रव केला. त्या वेळचे सरकारी कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय ह्यांनी १९०३-०४ साली त्याचा तपास केला व त्याचा अहवाल १९०६ साली प्रसिद्ध झाला. पुढे ह्या जातीच्या धाडी आल्या नाहीत. २०२० सालच्या मे महिन्यात अमरावती, वर्धा व नागपूर ह्या जिल्ह्यांत जे टोळ उतरले, ते वाळवंटी टोळ ह्या निराळ्या जातीचे होते.

टोळधाडीची बातमी सर्वत्र होते, कारण ती डोळ्यांना दिसते. भातातला खोडकिडा मात्र दरवर्षी येतो, खोडाच्या आत राहतो आणि त्याची बातमी कोठेच होत नाही. लोंब्या पोकळ निघाल्या की ‘यंदा दाणा भरला नाही’ एवढेच शेतकरी म्हणतो. चोर घरात असता त्याचे नावही माहीत नसावे, तशीच ही स्थिती आहे. म्हणून ह्या लेखात धाडीपेक्षा रोजच्या चोराकडेच अधिक लक्ष दिले आहे.

३. मुख्य किडी व त्यांची ओळख

(अ) खोडकिडा. भाताचा हा पहिल्या क्रमांकाचा शत्रू होय. ह्याची मादी पिवळसर पतंग असून तिच्या पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याकडे पुंजक्याने अंडी घालते व पुंजका पिवळट तपकिरी केसांनी झाकून टाकते. सुमारे आठवड्याभरात अंडी फुटतात. बाहेर पडलेली अळी खोडात शिरते व आतला गाभा खाते. पीक फुटव्यात असता असे झाले तर मधला पोंगा वाळतो. ह्याला गाभेमर म्हणतात. असा पोंगा बोटांनी ओढला असता सहज हातात येतो व त्याचे बूड कुरतडलेले दिसते. पीक पोटरीत आल्यावर अळी शिरली तर लोंबी बाहेर पडते, परंतु ती पांढरी, ताठ व दाण्यावाचून असते. तिला पळींज म्हणतात. गाभेमर लवकर झाली तर रोप नवे फुटवे काढून तूट काही अंशी भरून काढते. पळींज झालेली लोंबी मात्र कोणत्याही औषधाने भरत नाही. म्हणून पळींज पाहून फवारणी करणे म्हणजे पैसा व कष्ट वाया घालविणे होय.

कापणीनंतर ह्या किडीच्या अळ्या धसकटांत राहतात. त्यामुळे बंदोबस्ताचा पहिला दिवस कापणीनंतरचा आहे. कापणी जमिनीलगत करावी व शेत नांगरून धसकटे गोळा करून नष्ट करावीत. लावणीच्या वेळी मुठीतील रोपांच्या शेंड्यांवर अंडीपुंज दिसत असल्यास शेंडे खुडून मगच लावणी करावी. गाभेमर झालेले फुटवे उपटून शेताबाहेर न्यावेत. कामगंध सापळे लावल्यास त्यांत नर पतंग अडकतात व किडीचा अंदाज येतो. ट्रायकोग्रामा नावाची अतिसूक्ष्म गांधीलमाशी ह्या किडीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. तिची कार्डे शेतात लावण्याची शिफारस आहे.

(आ) तुडतुडे. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या किंचित वर राहून रस शोषतात. वरून पाहणाऱ्याला ते दिसतच नाहीत. चूड हाताने वाकवून बुंध्याशी पाहिले तरच आढळतात. त्यांची संख्या वाढली की शेतात गोलाकार पट्टे भाजल्यासारखे वाळतात व भात लोळते. दाट लावणी आणि नत्रखताची अतिरिक्त मात्रा ही त्यांच्या वाढीची मुख्य कारणे होत. लावणी करताना मधूनमधून सुमारे एक फुटाचे रिकामे पट्टे सोडल्यास बुंध्याशी वारा व ऊन पोचते. नत्र एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे. कीड दिसू लागताच खाचरातील पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे.

(इ) सुरळीतील अळी. लावणीनंतर पाणी साठलेल्या खाचरांत ही दिसते. अळी पानाचा तुकडा कापून त्याची सुरळी करते, तीत राहते व पानाचा हिरवा भाग खरवडून खाते. पानांवर पांढरे पट्टे दिसतात व पाण्यावर सुरळ्या तरंगतात. ह्या अळीला कल्ले असतात, त्यामुळे ती पाण्यातही श्वास घेऊ शकते. मात्र पाणी नसेल तर ती जगत नाही. तिच्या बंदोबस्ताची युक्ती ह्यातच आहे. दोघांनी दोर धरून पिकावरून ओढावा, सुरळ्या पाण्यात पडतील. मग पाणी एका कोपऱ्यातून काढून द्यावे व तेथे जमलेल्या सुरळ्या गोळा करून नष्ट कराव्यात. काही दिवस खाचर कोरडे ठेवावे.

(ई) निळे भुंगेरे. हे लहान, निळसर काळे व चकचकीत भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात. पाने शेंड्याकडून पांढरी पडून वाळतात व दुरून शेत करपल्यासारखे वाटते. बांधावरील गवतात ह्यांना आश्रय मिळतो. म्हणून बांध स्वच्छ ठेवणे हाच पहिला उपाय आहे.

(उ) लष्करी अळी. ही कीड पीक तयार होण्याच्या सुमारास येते, म्हणून तिचे नुकसान सर्वांत जिव्हारी लागते. दिवसा ती चुडाच्या बुंध्याशी व ढेकळांखाली लपते आणि रात्री वर चढून लोंब्या कुरतडून खाली पाडते. सकाळी शेतात दाणे व लोंब्यांचे तुकडे पडलेले दिसतात. पक्ष्यांना दोष दिला जातो व खरा अपराधी चिखलात निजलेला असतो. खाचरात पाणी असल्यास अळ्यांना लपावयास जागा राहत नाही. शेतात बदके सोडल्यास ती अळ्या वेचून खातात. एका शेतातून दुसऱ्या शेतात अळ्यांची रांग जाऊ नये म्हणून मध्ये चर काढावा. तयार भात विनाकारण उभे ठेवू नये व कापलेले भात शेतात पडू देऊ नये.

(ऊ) खेकडे व उंदीर. हे कीटक नव्हेत, तरी भाताचे शत्रू आहेतच. खेकडा लावणी झालेली कोवळी रोपे जमिनीलगत कापतो व बांधाला बिळे पाडतो. खारजमिनीत बांधाला एक भोक पडले तरी भरतीचे पाणी आत शिरते व वर्षाचे पीक जाते. म्हणून तेथे खेकड्याचे बीळ वेळीच बुजविणे फार महत्त्वाचे आहे. उंदीर फुटवा तिरका कापतो. गाभेमर व उंदराचे काम ह्यांत फरक करण्याची ही सोपी खूण आहे: गाभेमरीत मधला पोंगा जागच्या जागी वाळतो, उंदराने कापलेला फुटवा तुटून पडतो. रुंद बांधांत उंदीर सहज घर करतात, म्हणून गोड्या जमिनीतील बांध आवश्यक तेवढेच रुंद ठेवावेत. हंगामाच्या आरंभी साऱ्या गावाने एकाच वेळी बिळे खणून काढावीत. एकट्याने केले तर शेजारच्या शेतातले उंदीर चार दिवसांत परत येतात. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप पाण्याच्या मार्गाने माणसाला होतो. म्हणून हातापायाला जखम असता साचलेल्या पाण्यात काम करू नये, आणि मुलांना मेलेला उंदीर हाताळू देऊ नये.

४. शेतातले मित्र

शेतात दिसणारा प्रत्येक जीव कीड नव्हे, हा धडा मुलांना सर्वांत आधी शिकवावा. खाचरात चुडांच्या बुंध्याशी धावणारा कोळी दिवसभर तुडतुडे पकडतो. चतुर व टाचणी उडते पतंग टिपतात, आणि त्यांची पिले पाण्यात राहून तेथील किडे खातात. लाल पाठीचे, काळे ठिपके असलेले ढालकिडे व त्यांच्या अळ्या मावा व लहान तुडतुडे खातात. घुबड व धामण उंदरांचे वैरी आहेत. धामण विषारी नसते, तरीही साप म्हणून ती दिसताक्षणी मारली जाते. ह्यात शेतकऱ्याचेच नुकसान आहे.

बेडकाची कथा तर विशेष सांगण्यासारखी आहे. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी खाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर पाठविल्या जात, आणि त्यासाठी पावसाळ्यात खाचरांतून बेडूक पकडले जात. बेडूक कमी झाले की किडे वाढतात, ही गोष्ट ध्यानात घेऊन १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. पहिल्या पावसात डरांव डरांव करणारा हा प्राणी शेताचा बिनपगारी राखणदार आहे.

५. फवारणी केव्हा करावी

वरील सर्व उपाय करूनही कीड वाढली, तर औषध वापरावे लागते. परंतु एक कीड दिसली म्हणून फवारणी करणे योग्य नव्हे. किडीची संख्या एका विशिष्ट मर्यादेच्या पुढे गेली तरच फवारणीचा खर्च भरून निघतो. ह्या मर्यादेला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. खोडकिड्याच्या बाबतीत शंभरात पाच फुटवे कीडग्रस्त, किंवा एका चौरस मीटरात एक अंडीपुंज, ही मर्यादा धरतात. तपकिरी तुडतुड्यांच्या बाबतीत एका चुडाला ५ ते १० तुडतुडे ही धोक्याची खूण समजावी.

हे मोजणे अवघड नाही. ते पाचवीच्या शेकडेवारीचे उदाहरण आहे. शेताच्या निरनिराळ्या भागांतून २० चूड निवडावेत. प्रत्येकात सरासरी १० फुटवे असतील, तर एकूण फुटवे २०० झाले. त्यांपैकी गाभेमर झालेले फुटवे १० असतील, तर प्रमाण शेकडा ५ झाले, म्हणजे मर्यादा गाठली. चारच असतील, तर प्रमाण शेकडा २ झाले. अशा वेळी ते फुटवे उपटून टाकावेत व आठवड्याने पुन्हा मोजावे. फळ्यावरील आकडे आणि शेतातले पीक ह्यांचा संबंध मुलांच्या मनात जोडून देणारे ह्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

घाईने फवारणी केल्यास काय होते, ह्याचा अनुभव इंडोनेशियाने घेतला आहे. तेथे भातावर कीटकनाशके सढळ हाताने वापरली गेली. त्यामुळे कोळी व इतर मित्रकीटक मेले. तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या देठात सुरक्षित राहिली आणि ती फुटल्यावर पिलांना खाणारे कोणीच उरले नाही. तुडतुडे इतके माजले की १९८६ साली तेथील सरकारने ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर एका आज्ञेने बंद केला. त्यानंतर १९८९ पासून तेथे शेतातच भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या. शेतकरी दर आठवड्यास खाचरात उतरून शत्रू व मित्र मोजू लागले आणि मोजणीनंतर निर्णय घेऊ लागले. महाराष्ट्रात कृषी खात्यामार्फत ज्या शेतीशाळा भरतात त्यांचे मूळ ह्याच कल्पनेत आहे. २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ ही कीड-सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. तिचाही गाभा हाच: आधी मोजा, मग सांगा, मग करा.

६. विष आणि शाळा

आता ज्या गोष्टीचा शिक्षकाच्या जबाबदारीशी थेट संबंध आहे, तिच्याकडे वळू. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेलेल्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या चौकशीसाठी न्यायमूर्ती जे. सी. शाह ह्यांचा आयोग नेमण्यात आला आणि त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा जन्मास आला. ह्या कायद्याखालील नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोणाची खूण असते. लाल म्हणजे अत्यंत विषारी; त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असा अर्थ नव्हे. तो इतरांहून कमी विषारी, एवढाच त्याचा अर्थ आहे. अक्षर न येणाऱ्यालाही ही खूण वाचता येते, म्हणून ती घराघरांत ठाऊक झाली पाहिजे.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन ह्या गावी शाळेतले दुपारचे जेवण खाऊन २३ मुले मृत्यू पावली. तपासणीत अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. हे विष शेतासाठी बनलेले होते. ते पोचले मुलांच्या ताटात. २०१७ सालच्या पावसाळ्याअखेरीस आपल्याच राज्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. पीक डोक्याएवढे उंच, हवा दमट, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि अनेक औषधांचे मिश्रण, अशा परिस्थितीत विष श्वासातून व कातडीतून शरीरात शिरते.

ह्या घटनांवरून शाळेसाठी पुढील नियम निघतात. ते मुख्याध्यापकांनी कटाक्षाने पाळावेत.

पहिला नियम : शाळेच्या आवारात कोणतेही कीटकनाशक, फवारणीचा पंप किंवा त्यांचे रिकामे डबे ठेवू देऊ नयेत. कोणी ‘एका रात्रीपुरते’ म्हणून ठेवू म्हणाले, तरी नकार द्यावा.

दुसरा नियम : औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी तेल, पाणी, धान्य वा दूध ठेवण्यास वापरू नये. डबा तीन वेळा खंगाळून ते पाणी फवारणीच्या पंपातच घालावे व नंतर डब्याला भोके पाडून तो निरुपयोगी करावा. आहारासाठी आलेले तेल व धान्य कोणत्या भांड्यात आले, हे स्वीकारताना पाहावे. शिजविलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी चाखून पाहावे. वास वा चव निराळी लागल्यास ते मुलांना मुळीच देऊ नये.

तिसरा नियम : शालेय पोषण आहाराच्या तांदळात सोंडे पडले म्हणून धान्यात विषारी गोळ्या टाकू नयेत. सल्फासच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचा प्राण घेतो. सोंडे दमट धान्यात वाढतात. म्हणून पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर व भिंतीपासून दूर ठेवावीत, जुना साठा आधी संपवावा, तांदूळ अधूनमधून चाळून सावलीत वारा द्यावा आणि कोठी कोरडी ठेवावी.

चौथा नियम : मुलांना फवारणीस, औषध मिसळण्यास किंवा फवारलेल्या शेतात लगेच जाण्यास पाठवू नये, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे. फवारणी चालू असताना त्या बाजूच्या वाटेने मुलांनी येऊ-जाऊ नये.

पाचवा नियम : कोणास विषबाधा झाल्याचा संशय आल्यास लक्षणे ओळखावीत. घाम, तोंडातून लाळ, मळमळ, चक्कर, बारीक झालेली बुबुळे व श्वासास त्रास ही त्यांतली प्रमुख आहेत. अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. जबरदस्तीने ओकारी काढू नये. १०८ क्रमांकावर कळवावे आणि औषधाचा डबा अगर त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर न्यावी. मांत्रिकाकडे वा घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

७. वर्गात काय करता येईल

परिसर अभ्यासाच्या तासांना ह्या विषयाची जोड सहज देता येते. त्यासाठी खर्च लागत नाही. वही, पेन्सिल, एक हस्तभिंग व झाकण असलेली काचेची बरणी एवढे साहित्य पुरे.

जूनमध्ये मुलांना राब दाखवावा आणि बेडकाच्या अंड्यांचा पुंजका पाहून त्याचे चित्र काढावयास सांगावे. जुलैत लावणीच्या मुठीतील शेंडे तपासून अंडीपुंज शोधावेत. असा एक पुंजका बरणीत ठेवावा व बरणीच्या तोंडाला तलम कापड बांधावे. कधी त्यातून अळ्या निघतील, तर कधी अळ्यांऐवजी इवल्याशा गांधीलमाश्या. दुसरा प्रकार घडला तर मुलांना मित्रकीटकाचे काम डोळ्यांनी दिसेल. ऑगस्टमध्ये २० चुडांची मोजणी करावी व शेकडेवारी काढावी. सप्टेंबरात पळींज व भरलेली लोंबी शेजारी ठेवून दोहोंतले दाणे मोजावेत. ऑक्टोबरात खळ्यावर जाऊन ह्या वर्षी कोणती कीड अधिक होती, हे शेतकऱ्यांना विचारून नोंदवावे.

उपनगरातील ज्या शाळांच्या आसपास भातखाचर उरलेले नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. शाळेच्या बागेतील भेंडीवर मावा असतो व त्यावर ढालकिडा असतो. वाडीतील नारळावर गेंड्या भुंगा असतो. हा भुंगा नारळाचा कोवळा पोंगा पोखरतो. मग पान उलगडले म्हणजे ते कात्रीने कापल्यासारखे दिसते. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. खड्डा वेळोवेळी उपसून अळ्या वेचल्या तर झाडावर चढावेही लागत नाही. शत्रू कोठे वाढतो हे कळले की त्याला कोठे गाठावे हेही कळते, ही गोष्ट भाताला लागू आहे तशीच नारळालाही आहे.

शाळेत अशी एक कीड-नोंदवही ठेवावी. तीत दरवर्षी तारीख, शेत, दिसलेली कीड, दिसलेले मित्रकीटक व शेतकऱ्याने केलेला उपाय एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. मुले वर्ग सोडून जातील, शिक्षकांच्या बदल्या होतील. परंतु वही शाळेत राहील. चार-पाच वर्षांच्या नोंदींवरून गावात कोणती कीड कोणत्या आठवड्यात येते, ह्याचा अंदाज बांधता येईल, आणि तो कृषी सहायकालाही उपयोगी पडेल.

गावातील पुष्कळ शेतकऱ्यांना औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. त्यांची मुले मात्र आपल्यापुढे बसलेली असतात. ज्या मुलाने पळींज व गाभेमर हातात धरून पाहिली आहे, जो कोळ्याला मित्र म्हणून ओळखतो आणि लाल त्रिकोणाचा अर्थ सांगू शकतो, तो घरी गेल्यावर वडिलांना विचारील, ‘बाबा, फवारण्याआधी चूड मोजले का?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला तर शेताचा खर्च वाचेल आणि प्रसंगी घरातल्या माणसाचा जीवही वाचेल. येत्या पावसाळ्यात प्रत्येक शाळेने निदान एका खाचरापासून ह्या कामाला आरंभ करावा, अशी शिक्षक बंधुभगिनींना आग्रहाची विनंती आहे.